भिंतीपासून हातभर

आमचे थोरले साडू आजवर कुणाच्याही घरी माणसांना भेटायला गेलेले नाहीत. ते भिंतींना भेटायला जातात. माणसं त्या भिंतींच्या आत राहत असल्यामुळे नाइलाजानं त्यांचीही गाठ पडते, इतकंच. दाराशी चपला काढून ते उंबऱ्यावर थांबतात, डोळे मिटतात, मान किंचित वर करतात आणि नाकपुड्या फुगवून असा काही दीर्घ श्वास घेतात की घरातल्या नव्या सुनेला वाटावं, पाहुण्यांच्या अंगात येतंय की काय. मग डोळे उघडून निकाल देतात, "ओल हाय." बस. कसे आहात नाही, पोरंबाळं काय म्हणतात नाही. यजमानाच्या हातातला पाण्याचा तांब्या हातातच राहतो आणि साडू तोवर पाहुण्यांनी कधी बघू नये अशा आतल्या खोलीत शिरून, कपाटामागं टॉर्च मारून, त्या घराची अब्रू पाहत असतात.

मी त्यांना अण्णा म्हणतो. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अण्णांचं घर बसवकल्याण तालुक्यातल्या राजेश्वर गावी, पण उभी हयात गेली बिदरच्या बाहेर, कोळारच्या कारखान्यांच्या वसाहतीत, धान्याच्या एका गोदामात. तूर, हरभरा आणि सोयाबीनची पोती पावसाळ्याच्या एका टोकाला आत घ्यायची आणि दुसऱ्या टोकाला कोरडी बाहेर काढायची, हे त्यांचं काम. त्याचे नियम साधे होते. पोत्यांची थप्पी जमिनीवर लावायची नाही, लाकडी फळ्यांवर लावायची. थप्पी भिंतीपासून हातभर लांब ठेवायची, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आणि उघडीप मिळाली की दोन्हीकडची दारं सताड उघडायची. निवृत्तीच्या दिवशी गोदामवाल्यांनी अण्णांना शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि त्यांच्याकडून किल्ल्या तेवढ्या परत घेतल्या. नियम परत घ्यायचे राहून गेले. ती चूक आज अख्खा बसवकल्याण तालुका आणि अर्धं बिदर निस्तरतं आहे.

कारण निवृत्तीनंतर अण्णांना दिसेल त्या घराचं गोदाम दिसू लागलं आणि आत राहणारी आम्ही सगळी पोती. माझंच घ्या. मी बिदरला शाळेत मास्तर आहे, आणि जांभ्या दगडाच्या भिंतींचं एक जुनं घर भाड्यानं घेऊन राहतो. हा लाल दगड पावसाळ्यात जेवढं पाणी पितो तेवढं दिवाळीपर्यंत परत देत बसतो. एका भाद्रपदात अण्णा आले, श्वास घेतला, आणि माझं लोखंडी कपाट माझ्याच मदतीनं पुढं ओढलं. मागच्या भिंतीवर छताच्या बाजूनं काळ्या ठिपक्यांची अशी नक्षी उतरली होती की बिदरी काम करणाऱ्या कारागिरानं मान खाली घालावी. कपाट उघडलं तर माझ्या लग्नातला कोट हिरवा झालेला. तो मुळात चॉकलेटी होता. पट्टा, बूट आणि सासऱ्यांनी दिलेली कातडी बॅग यांच्यावर पांढरी लव आली होती, हात फिरवला तर मांजरासारखी मऊ लागेल अशी.

"कामून लावलास कपाट भिंतीला?" अण्णांनी विचारलं.

"मग काय खोलीच्या मधोमध ठेवू?" मी म्हणालो.

"हातभर. हातभर तरी लांब. भिंतीला बी जीव हाय का न्हाई? तिचा घाम वाळायचा कसा?"

मी आपली हुशारी दाखवत म्हटलं, की दिवाळीला रंग द्यायचाच आहे, सगळं झाकून जाईल. अण्णांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की वीस वर्षांच्या नोकरीत मी सर्वांत ढ पोराकडंही तसं पाहिलं नसेन. "तोंड न धुता पावडर लावायलास व्हय?" ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडून ती भिंत धुऊन घेतली. आधी नाकातोंडावर फडकं. मग साबणाचं पाणी आणि घासणी. कोरडं खरवडायचं नाही, भुकटी उडून छातीत जाते. घासून झाल्यावर पुसायचं, पुसून झाल्यावर पंखा लावायचा, आणि भिंत खडखडीत वाळेपर्यंत रंगाचं नावसुद्धा काढायचं नाही. उरलेल्या डागांवर सिरका. मला वाटलं, एवढं करतोच आहोत तर सिरक्यात थोडी ब्लीचिंग पावडरही टाकावी, काम लवकर होईल. माझ्या हातातला डबा अण्णांनी हिसकावलाच. "दोन औषधं एका बादलीत कधी मिसळू नको. बुरशी राहील जाग्याला, अन् तू जाशील." मग गच्चीवर चढून त्यांनी पन्हाळीतून पिंपळाचं एक रोपटं आणि कधीकाळचा एक चेंडू काढून मला दाखवला आणि सांगितलं, की भिंत रडत होती ती याच्यामुळं. कोट मात्र मी त्यांच्या डोळ्यांदेखत टाकून दिला. तसाही तो मला लग्नानंतर सहा महिन्यांतच बसेनासा झाला होता.

हा सगळा सोहळा चालू असताना स्वयंपाकघरात गॅसवर दूध होतं. अण्णा गॅसपासून दोन पावलांवर, ओट्याखाली टॉर्च घेऊन बसलेले. दूध उतू गेलं, आटलं, करपलं, धूर झाला, शेजारणीनं भिंतीपलीकडून हाक मारली. अण्णा मात्र शांतपणे नळाचा सांधा चाचपत होते. "केवढी ती एकाग्रता!" मी बायकोला म्हणालो. ती काळं पातेलं आणखी जोरात घासू लागली.

पुढं पुढं त्यांची ही कीर्ती अशी वाढली की लोकांनी त्यांच्या येण्याची तयारी करायला सुरुवात केली. अण्णा येणार म्हटलं की लोक फराळाच्या आधी फर्निचर हलवत. आमच्या एका नात्यातल्यांकडं बाराव्याला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि अण्णा गेलेल्या माणसाच्या फोटोकडं डोळे बारीक करून एकटक बघत होते. घरच्यांना भरून आलं. थोड्या वेळानं ते उठले, फोटो खिळ्यावरून काढला आणि मागची भिंत उलट्या हातानं चाचपून हळूच म्हणाले, "मला वाटलंच." शंका आली की ते दुधाच्या रिकाम्या पिशवीचा चौकोनी तुकडा कापून चिकटपट्टीनं भिंतीवर चारी बाजूंनी डकवत आणि दोन दिवस हात लावू नका म्हणून बजावत. तुकड्याच्या आतल्या बाजूला पाणी साचलं तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला साचलं तर ती घरातल्या माणसांच्या श्वासातून, भाताच्या वाफेतून आणि आत वाळत घातलेल्या कपड्यांतून येते. "आतून आली तर गवंड्याला धर, बाहेरून आली तर सोताला," असा त्यांचा न्याय होता. आमच्या नात्यातल्या कितीतरी घरांत देवाच्या तसबिरीशेजारी नंदिनी दुधाच्या पिशवीचा तुकडा भक्तिभावानं लटकत असे.

स्वतःच्या मुलीचं, पल्लवीचं, स्थळ पाहायला ते गुलबर्ग्याला गेले तेव्हा मी बरोबर होतो. कलबुर्गी असं सरकारी नाव झालं तरी अण्णांच्या तोंडी गुलबर्गाच. पोहे झाले, चहा झाला. मुलगा काय करतो, किती शिकला, हे सगळं मीच विचारलं. अण्णा हात धुण्याच्या निमित्तानं गेले ते अर्ध्या तासानं गच्चीवरून उतरले. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "कसं वाटलं?"

"पूर्वेची भिंत कोरडी हाय," अण्णा म्हणाले. "गच्चीला उतार चांगलाय. न्हाणीत वरच्या अंगाला झरोका हाय."

"अहो, मुलगा?"

"त्यो बी चांगलाच असंल की. एवढ्या कोरड्या घरात वाढलाय."

लग्न झालं. तो मुलगा खरोखर चांगला निघाला, आणि त्यामुळं अण्णांच्या शास्त्राला नको तेवढा आधार मिळाला.

वर्षातून एकच दिवस ते आम्हाला माणसासारखे भेटत, तो म्हणजे वेळ अमावास्येचा. आमच्याकडं त्याला येळवस म्हणतात. सगळं गणगोत शेतात जमतं, कडब्याच्या खोपीत पूजा होते आणि मग ज्वारीच्या पेंढ्यांना टेकून पालेभाज्या नि ओल्या दाण्यांची मिसळ करून शिजवलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे उंडे आणि गाडग्यातली आंबील. शेतात भिंत नसते. त्यामुळं अण्णांना बोलायला विषयच उरत नसे, आणि ते मुकाट्यानं जेवत. गेल्या येळवसला भज्जी खालून चांगलीच लागली होती. आम्ही सगळे अक्काच्या नजरेच्या धाकानं त्या भज्जीशी झटापट करत होतो. अण्णांनी मात्र दोनदा मागून घेतली. "झकास झालीय," म्हणाले. बायकोवर एवढं प्रेम करणारा नवरा मी तोवर पाहिला नव्हता, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. अक्कानं त्यांच्या पानात आणखी एक उंडा ठेवला.

एवढं सगळं सांगून झालं तरी खरी गोष्ट राहिलीच. ती यंदाच्या पावसाळ्यातली.

पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिची छाती लहानपणापासून नाजूक; पावसाळा आला की दम लागायचा, दम्याचा पंप जवळ ठेवावा लागायचा. अण्णांनी बाळंतिणीच्या खोलीची तयारी दोन महिने आधी सुरू केली. गिलावा ठोकून पाहिला, कपाट बाहेर काढलं, जुन्या गाद्या वाटून टाकल्या, खिडकीच्या वर नवा सज्जा घातला आणि भिंतींवर दुधाच्या पिशव्यांचे चार तुकडे लावले. आठवडाभरानं चारही कोरडे निघाले. तेव्हा त्यांनी मला फोन करून सांगितलं ते स्वतःचं घर बांधून झाल्यासारखं. पलंग त्यांनी स्वतः ठेवला, चारी बाजूंनी हात लावून मोजून.

मग मुलगी झाली, आणि ती खोली अण्णांच्या राज्यातून अक्काच्या राज्यात गेली.

आमच्या भागात बाळंतिणीच्या खोलीचे नियम गोदामाच्या बरोबर उलटे असतात. वारा लागता कामा नये. खिडक्या बंद, फटींत चिंध्या, दाराला जाड पडदा. खोलीच्या कोपऱ्यातच रोज दोनदा कढत पाण्यानं आंघोळ, पलंगाखाली शेगडी, वर ओव्याची नि शेपाची धुरी. आणि बारा दिवस पुरुषांनी आत पाऊल टाकायचं नाही. ज्या माणसानं तालुक्यातली प्रत्येक खिडकी उघडायला लावली, त्याच्या स्वतःच्या घरात, भर भाद्रपदात, एक खोली गोधड्या लावून लिंपून बंद झाली. मी कबूल करतो, ऐकून मला मनापासून आनंद झाला. फोनवर मी अण्णांना विचारलंसुद्धा, "काय म्हणते ओल?" त्यांनी फोन ठेवून दिला.

म्हणे ते पडद्याबाहेरून भांडत होते. "थोडी फट तरी ठेव गं," असं अण्णा म्हणायचे. अक्का आतून म्हणायची, "साकू आता! दोन बाळंतपणं मी काढल्यात, तुम्ही न्हाई. जावा, तुमची भिंत बघा जावा." हे साकू म्हणजे कानडीतलं पुरे. अक्का मराठीत भांडते, पण शेवटचा शब्द तिचा कानडीच असतो.

सातव्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला. "राजेश्वरला ये. एकटाच ये." आवाज ऐकून मी शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि बस धरली.

ते घराच्या मागच्या अंगाला, त्या खोलीच्या बंद खिडकीखाली उभे होते. आतून पल्लवीच्या खोकल्याचा आवाज येत होता, कोरडा, एकामागून एक. मधूनच बाळाचं रडणं. अक्काचंही ऐकू आलं, "थंडी बाधलीय तुला, आणखी एक गोधडी लावते खिडकीला."

अण्णांनी खिडकीच्या फळीतली एक चिंधी बोटानं ओढून काढली आणि मला म्हणाले, "वास घे."

मी हसलो. "तुमच्यासारखं नाक असताना माझं कशाला? डोळे मिटा, श्वास घ्या, निकाल द्या."

"घे म्हनलं न्हवं."

"अण्णा, थट्टा पुरे."

"मला येत न्हाई," ते म्हणाले. "त्या तापाच्या साथीत नाक गेलं. सगळ्यांचं परत आलं. माझं आलंच न्हाई. दारात उभारून मी निस्ता वारा घेतो. बाकी समदं हातानं अन् डोळ्यानं."

माझ्या डोळ्यांसमोर आलं ते करपलेलं दूध, आणि माझी एकाग्रतेवरची मल्लिनाथी. लागलेली भज्जी दोनदा मागून घेणारा तो माणूस. म्हणजे गेली चार-पाच वर्षं ते दारोदारच्या उंबऱ्यांवर उभे राहून छाती भरभरून श्वास घेत होते आणि त्यांना तिथला फोडणीचा वास येत नव्हता, अगरबत्तीचा येत नव्हता, ओलीचा तर नव्हताच. आणि मी त्यांची नक्कल करून शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना हसवत होतो.

मी फटीला नाक लावलं. धुरी होती, तेल होतं, पण त्यांच्या खालून ते दुसरंही येत होतं: पावसात भिजून महिनाभर कोपऱ्यात पडलेल्या बारदानाचा वास. माझ्या कोटाला यायचा तो.

"येतोय," मी म्हणालो.

अण्णा खिडकीखालच्या दगडावर बसले. माझ्याकडं न बघता ते सांगू लागले. पल्लवी सहा वर्षांची असताना ते कोळारला गोदामाजवळच एका खोलीत राहत. सबंध पावसाळा पोरीला दम. औषधं झाली, अंगारे झाले, नजर काढून झाली. शेवटी एका डॉक्टरनं विचारलं, की पोरगी झोपते कुठं. घरी येऊन त्यांनी तिची खाट ओढली. तिच्या उशाला, भिंतीवर, तिच्या अंगाएवढा काळा डाग होता.

"गोदामात माझी हजारो पोती," अण्णा म्हणाले. "एक पोतं भिंतीला चिटकू दिलं न्हाई मी. साहेब येऊन पाठ थोपटायचा. अन् लेकीची खाट भिंतीला लावलेली. जागा पुरत न्हाई मनून. तुरीला हातभर जागा दिली मी, अन् तिला न्हाई."

मी त्यांना कधीच विचारलं नव्हतं, की बाबा रे, हे सगळं तू का करतोस. कुणीच विचारलं नव्हतं. विचित्र माणूस म्हटलं की आपली जबाबदारी संपते.

ते उठले आणि पुढच्या दारानं घरात गेले. मी मागोमाग. पडद्यासमोर ते उभे राहिले. भांडायला जसे उभे राहत तसे नाही, तर गोदामात मोठ्या साहेबासमोर उभे राहत असतील तसे. म्हणाले, "अगं, मला वास येत न्हाई. लई वर्सं झाली. तुला सांगितलं न्हाई मी. पर ह्याला येतोय. ह्यानं घेतलाय खिडकीतून. खोटं वाटत असंल तर ह्याला विचार."

पडदा बाजूला झाला. अक्का घामानं डबडबलेली, पदर खोचलेली. तिनं पदरानं कपाळ पुसलं. "मला काय सांगायलाव?" ती म्हणाली. "करपलेलं, नासलेलं, काय बी वाढलं तरी झकास म्हनता. कवाच वळखलं मी. कुणाला कळू नये मनून गप बसले."

मग तिनं स्वतःच वळून आत नाक ओढलं, एकदा, दोनदा. रात्रंदिवस त्याच खोलीत असलेल्या माणसाला तो वास कळणार नव्हताच, आणि ते तिलाही उमगलं असावं. आतून पल्लवी म्हणाली, "आई, खोलीचं ऱ्हाऊ दे. मला मधल्या घरात झोपू दे. इथं छाती भरायलीय माझी." एवढं बोलायला तिनं मधे दोनदा श्वास घेतला. अक्का गोधड्या गोळा करू लागली.

त्याच दुपारी पल्लवीला नि बाळाला बसवकल्याणला डॉक्टरीणबाईंकडं नेऊन आणलं. दोघींची छाती तपासून झाली, पल्लवीला औषध मिळालं, आणि अक्काला खिडकीवरून ऐकावं लागलं. ते ऐकताना ती माझ्याकडं रागानं बघत होती, जणू खिडक्या मी शोधून काढल्या. मायलेकींचा मुक्काम मधल्या घरात हलला, तिथं ऊनही येत होतं. आंघोळ न्हाणीघरात गेली. आणि रिकाम्या झालेल्या त्या खोलीत अण्णा शिरले.

मला दाराशी थांबवून त्यांनी पडदे, गोधड्या, कापसाची गादी, सगळं एकेक करून बाहेर दिलं. पलंग त्यांनी ठेवलेल्या जागी नव्हता. दाराच्या वाऱ्यात येतो म्हणून अक्कानं तो भिंतीला सरकवला होता, उशाकडून. अण्णांनी तो ओढला. मागं डाग होता. अजून कोवळा, राखी रंगाचा, पोळीएवढा. भिंत आतून कोरडीच होती. सात दिवसांची वाफ तिला चिकटून बसली होती. अण्णा त्या डागापुढं गुडघ्यावर बसले. फडकं बांधलं, घासणी साबणाच्या पाण्यात बुडवली. मी दुसरी घासणी घेऊन पुढं झालो तर हातानंच थांबवलं. तो डाग त्यांनी एकट्यानं धुतला, आणि डाग गेल्यावरही बराच वेळ ते तिथंच घासत राहिले. मी मग अंगणात जाऊन गोधड्या उलट्यापालट्या करत बसलो, कारण त्यांच्या पाठीकडं बघवेना.

बारशाला सगळे जमले. पल्लवीचा खोकला बसला होता, चेहरा तजेलदार दिसत होता. मधल्या घरात पाळणा बांधायचा होता. अण्णा आता काय काय मोजायला लावतात म्हणून सगळे पाहुणे त्यांच्याकडं बघून गालातल्या गालात हसत होते, आणि मला पहिल्यांदाच त्या हसण्याचा राग आला. पण अण्णांच्या आधी अक्का पुढं झाली, तिनं पाळण्याच्या कडेपासून भिंतीपर्यंत आपला हात लावला, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. जरा कमी भरलं. तिनं पाळणा तेवढा पुढं घेतला, पुन्हा हात लावून पाहिला आणि मग बायकांना म्हणाली, "म्हना आता पाळणा."

नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, पाहुणे पांगले. अण्णा सोप्यात खुर्चीवर बसले होते आणि नात त्यांच्या मांडीवर झोपली होती. त्यांनी मला खुणेनं बोलावलं. मग डोळे मिटले, मान वाकवली, नाक तिच्या टाळूला लावलं आणि तोच तो दीर्घ श्वास घेतला, जो मी शंभर उंबऱ्यांवर पाहिला होता.

"कसा यायलाय, सांग की," ते डोळे न उघडता म्हणाले.

मी वाकून वास घेतला. म्हणालो, "तेल आहे, अण्णा. थोडं वेखंड. ओव्याची धुरी आहे. आणि खाली दुधाचा. नुकतं तापवलेलं, साय धरायच्या आधीचं असतं ना, तसा."

अण्णांनी मान हलवली. "व्हय," ते म्हणाले. "पल्लवीचा बी असाच होता."

आणि ते तसेच बसून राहिले, त्या टाळूवर नाक टेकून, मधे हाताचंसुद्धा अंतर न ठेवता.